तुमच्या पत्रात सगळ्यांचं म्हणणं आहे, भावाचं तेवढं राहिलं

प्रश्न, थोडक्यात: "माझं माहेर पारोळा तालुक्यातलं. लग्नानंतर मी सुरतला, उधन्यात राहते. भाऊ एकतीस वर्षांचा आहे. अकरा वर्षं स्किझोफ्रेनियाची औषधं चालू होती, दिवाळीपासून त्याने बंद केली. रात्री झोपत नाही, मळ्यात फिरतो, एकटाच बोलतो. कोणाला मारत नाही. आई वरणात गोळी कुटून घालते. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. चार एकर जमीन आहे. काका म्हणतात, याची सही चालत नाही, तू त्याची पालक हो, हक्कसोड करून घेऊ आणि याला एखाद्या केंद्रात कायमचा ठेवू. याआधी दोनदा त्याला जीपमध्ये बांधून नेलं होतं. मर्जीविरुद्ध भरती करता येते का? त्याची सही चालते का? आणि ज्याला स्वतःचा आजारच कळत नाही त्याला कसले हक्क? हक्कांवर बोलणारे रात्री दोन वाजता आमच्या घरी येत नाहीत."

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते. रात्री दोन वाजता कोणी येत नाही, हे खरं आहे. मी धुळ्यात राहून सव्वीस वर्षं मनोविकार समाजकार्यकर्ती म्हणून काम केलं. आधी रुग्णालयात, मग साक्री, शिरपूर, पारोळा, धडगाव असं फिरत. माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक घरांनी ती दोन वाजताची रात्र एकट्यानेच काढलेली असायची. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशात एकही नाही. म्हणून जीप, दोर आणि रातोरात प्रवास हाच आपल्याकडचा नेहमीचा मार्ग होऊन बसला. तुमच्या घरच्यांनी ते दुष्टाव्याने केलं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ज्याच्या मनगटाला दोर होता तो माणूस तो प्रवास विसरलेला नसतो, हेही तितकंच खरं. 'दवाखाना' म्हटलं की त्याला आधी ती जीप आठवते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. काकांचं म्हणणं त्यात आहे. आई काय करते ते आहे. तुमची काळजी तर ओळीओळीत आहे. भावाचं एकही वाक्य नाही. गोळ्या त्याने का सोडल्या? जमिनीचं त्याला काय करायचंय? राहायचं कुठे म्हणतो? तुम्ही ते मुद्दाम वगळलं असं नाही. बहुधा कोणी विचारलंच नसेल. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला तिथूनच द्यावी लागतात.

आधी गोळ्यांचं. अकरा वर्षं नेमाने औषध घेतलेला माणूस उगाच ते सोडत नाही. या औषधांनी वजन वाढतं, सकाळी दहा-दहा वाजेपर्यंत डोळा उघडत नाही, हात कापतात, पायांत अशी तळमळ सुटते की एका जागी बसवत नाही. तरुण पुरुषांना लैंगिक अडचणी येतात आणि ते कोणाजवळच बोलत नाहीत. एका शेतकऱ्याने मला सांगितलं होतं, "गोळी खादी की बैलना मांगे पायच उचलतस नही." घरचे म्हणत होते तो आळशी झाला. डॉक्टरांच्या कागदावर 'औषध टाळतो' एवढंच होतं. गोळी बदलली, रात्रीची वेळ थोडी अलीकडे आणली आणि तो पेरणीला उभा राहिला. कधी कारण याहून साधं असतं. वडील गेले, आता धुळ्याला घेऊन कोण जाणार? तुमच्या घरी वडील दोन वर्षांपूर्वी गेले म्हणता. त्याला दर महिन्याला कोण नेत होतं, हे एकदा आठवून बघा.

वरणातली गोळी आजच थांबवायला सांगा. आईला दोष देऊ नका, पण थांबवा. औषधाचं कारण आधी सांगते. किती पोटात गेली, किती ताटात राहिली, कळत नाही. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटायच्या नसतात. आणि त्याला क्लोझापिन चालू होतं का, ते जुन्या चिठ्ठीवर बघा. त्या औषधात दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर एकदम जाता येत नाही, पुन्हा थोड्यापासून चढवावं लागतं. तो दिवाळीपासून बंद असेल आणि आई जुनाच डोस वरणात घालत असेल तर धोका आहे. डॉक्टरांना हे न लपवता सांगा.

दुसरं कारण मला फार महागात पडून कळलं. पंधराएक वर्षांपूर्वी यावल तालुक्यातल्या एका आईला मीच असा सल्ला दिला होता. पाण्यासारखं, बिनचवीचं औषध होतं, म्हटलं चहात घाला, जीव तर वाचेल. तीन महिने बरे गेले. मग मुलाने तिला बाटलीसह पाहिलं. त्या दिवसापासून त्याने घरातलं अन्न सोडलं. केळीच्या बागेत जाऊन तो केळी खायचा, फक्त केळी, आणि तीही स्वतः सोलून, कारण सालीच्या आत कोणी काही घालू शकत नाही. घरातले लोक आपल्या खाण्यात काहीतरी घालतात ही त्याची आधीची शंका होती. आम्ही तिला आजाराचं लक्षण म्हणत होतो, आणि आम्हीच ती खरी करून दिली. आईच्या हातचं पुन्हा जेवायला त्याला दीड वर्ष लागलं. तो सल्ला मी पुन्हा कोणाला दिला नाही. गोळी नको असेल तर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने घ्यायची इंजेक्शनं असतात, कमी त्रासाची औषधं असतात. पण ती त्याच्यासमोर ठेवून, त्याच्याशी बोलून.

आता तुमचा खरा प्रश्न. ज्याला आजार कळत नाही त्याला कसले हक्क?

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४ मध्ये उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता कशाला म्हणायचं ते सांगितलं आहे: दिलेली माहिती समजणं, निर्णयाचे परिणाम उमजणं आणि तो निर्णय बोलून, खुणेने किंवा कशानेही कळवता येणं. माहिती त्याला समजेल अशा भाषेत द्यायची, हेही त्यातच आहे. त्याच कलमात एक वाक्य आहे जे मी प्रत्येक घरात मोठ्याने वाचून दाखवते. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरता येत नाही. गावात कोणी कर्ज काढून न परवडणारा ट्रॅक्टर घेतला तर आपण त्याला चुकला म्हणतो, त्याची सही रद्द करत नाही. तुमच्या भावालाही तेवढीच मोकळीक आहे. आणि कलम ३ म्हणतं की आधी कधी उपचार झाले, भरती झाली, एवढ्यावरून आजचा माणूस आजारी ठरत नाही. आजारी ठरला तरी त्यावरून तो कायद्याच्या भाषेतला 'विकल मनाचा' होत नाही. ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. मतदानाचंही तसंच.

'कळत नाही' हे आपण फार लवकर म्हणतो. अमळनेरकडच्या एका माणसाच्या कागदावर 'रुग्णाला समज नाही' असा शेरा होता. मी तपासणीच्या वेळी शेजारी बसले. डॉक्टर शहरातले, प्रमाण मराठीत विचारत होते: "तुम्हाला काही भास होतात का? आपल्याला आजार आहे असं वाटतं का?" तो खाली बघून गप्प. बाहेर आल्यावर त्याच्या बहिणीने अहिराणीत विचारलं, "भाऊ, तुले काय व्हस रे?" आणि तो पाऊण तास बोलला. आवाज कधी येतात, कुठल्या गोळीने कमी होतात, कुठल्या गोळीने जीभ जड होते, सगळं. शेवटी म्हणाला, "माले कोनी इचारंच नही." धडगाव-अक्कलकुव्यात तर पावरी आणि भिली बोलणाऱ्या माणसांचा अख्खा इलाज दुभाष्याविना होतो. अशा ठिकाणी 'समज नाही' हा शेरा रुग्णाबद्दल फारसं काही सांगत नाही. तुमच्या भावाला आधी अहिराणीत विचारा. तुम्हीच विचारा, काकांनी नको.

क्षमता ही दिव्याच्या बटणासारखी एकदाच चालू-बंद होणारी गोष्ट नाही. सकाळी असते, रात्री नसते. औषधाबद्दल असते, व्याजाच्या हिशोबाबद्दल नसते, किंवा उलट. मळ्यात एकटं बोलणारा माणूस कापसाचा भाव बरोबर सांगतो, हे मी कितीदा पाहिलंय.

मर्जीविरुद्ध भरती करता येते का? येते, पण काका म्हणतात तशी नाही. कलम ८९ ला 'सहाय्यित भरती' म्हणतात. त्यासाठी तो स्वतःला इजा करू पाहत असला पाहिजे, किंवा दुसऱ्याला मारतो आहे अथवा त्याची भीती आहे असं असलं पाहिजे, किंवा स्वतःची निगा राखणं इतकं सुटलेलं की त्यातून त्याला इजा होण्याचा धोका आहे. शिवाय आधार देऊनही त्याला स्वतः निर्णय घेता येत नाही, आणि भरतीपेक्षा कमी बंधनाचा दुसरा उपाय नाही, अशीही अट आहे. दोघांनी, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्याचा तज्ज्ञ किंवा डॉक्टर, त्याला स्वतंत्रपणे तपासायचं. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, दर सात दिवसांनी त्याच्या क्षमतेची पुन्हा तपासणी, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं. भरती झालेला माणूस स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो. ३० दिवसांनंतरही गरज असेल तर कलम ९० आहे, त्यालाही मुदती आहेत. 'कायमची भरती' या कायद्यात कुठेच नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून, म्हणजे झोपत नाही, फिरतो, मारत नाही, एवढ्यावर आज मर्जीविरुद्ध भरतीचं कारण मला दिसत नाही. उपचाराचं कारण दिसतं. दोन्ही वेगळं.

इथे एक मतभेद आहे, तोही सांगते. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा, भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. त्याचं कलम १२ प्रत्येकाला कायद्यासमोर समान क्षमता देतं, आणि करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की एकाच्या जागी दुसऱ्याने निर्णय घेण्याची व्यवस्थाच संपवायला हवी. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या दिवंगत भार्गवी दावर यांनी हाच आग्रह शेवटपर्यंत धरला. त्या दृष्टीने कलम ८९ सुद्धा सक्तीच आहे. मी पूर्वी यावर वाद घालायचे, कारण रेल्वे रुळावर निघालेल्या मुलाला धरलेले हात माझेच होते. आजही त्या क्षणी मी धरेनच. पण आता एवढं कळतं की ज्या घरांत आधीपासून बोलणं होतं, तिथे तो क्षण फार कमी वेळा आला.

बांधण्याबद्दल मात्र माझ्या मनात कुठलाच वाद नाही. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९५ म्हणतं: कोणत्याही स्वरूपात साखळदंडाने बांधता येणार नाही. हे वाक्य कायद्यात आलं त्यामागे माणसं गेली आहेत. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला एका खासगी आश्रमात आग लागली, आणि साखळीने बांधलेली २८ माणसं जागची हलू न शकल्याने जळून मेली. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने, साखळीने बांधून मारणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखालीही गुन्हा आहे. भगताकडे न्यायचा आग्रह झाला तर हे लक्षात ठेवा.

पण कायदा वाचून दाखवल्याने साखळी सुटत नाही, हेही मी पाहिलं. सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर एक माणूस तीन वर्षं महुच्या झाडाला बैलाच्या साखळीने बांधलेला होता. त्याच्या म्हाताऱ्या आईला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, नदीला पाणी असतं, हा रात्री उठून चालायला लागतो, मी एकटी, कुठे शोधू? तिच्या भीतीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोलिसांना कळवलं असतं तर साखळी सुटली असती आणि तो दूरच्या रुग्णालयात गेला असता, आईपासून कायमचा. म्हणून आम्ही आधी दिवसातला एक तास सोडायला सांगितलं, कार्यकर्ता शेजारी बसून. ग्रामीण रुग्णालयातून औषध सुरू केलं. मग अर्धा दिवस. मग रात्र. दोन महिने लागले. पहिल्या दिवशी साखळी काढल्यावर मी त्याला विचारलं, काय पाहिजे? मला वाटलं घरात जायचं म्हणेल, किंवा जेवायला मागेल. तो म्हणाला, चप्पल. तीन वर्षांत कोणी त्याला चप्पल घेतलीच नव्हती, कारण तो कुठे जाणार होता? शहाद्याच्या बाजारातून निळी स्लिपर आणली. अजूनही कोणी मला 'याला काय कळतं' म्हणालं की मला ती स्लिपर दिसते.

जमिनीचं उत्तर सरळ आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे कोणत्याही रोगामुळे वारसाहक्क जात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मालमत्ता बाळगण्याचा, वारसाने मिळवण्याचा आणि आपला पैसा आपण सांभाळण्याचा हक्क त्याला इतरांइतकाच आहे. मानसिक आजार त्या कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. करार कायदा तर १८७२ चा, तोही म्हणतो की अधूनमधून मन ठिकाणावर असणारा माणूस त्या काळात करार करू शकतो. म्हणजे 'याची सही चालत नाही' हे खोटं. आणि गंमत बघा, सही चालत नाही म्हणणारेच त्याच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायला निघालेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे काकांना शांतपणे विचारा.

'पालक' नेमायचं म्हणून लोक जिल्हाधिकारी कार्यालयात चकरा मारतात. पालक नेमणारी तिथली समिती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे, स्किझोफ्रेनियासाठी नाही. आधार देऊनही एखादा माणूस बंधनकारक निर्णय घेऊ शकत नसेल, तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ खाली 'मर्यादित पालकत्व' मिळू शकतं: ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, आणि त्याच्याशी मिळून निर्णय घेण्यासाठी. त्याच्या जागी बसण्यासाठी नाही.

आता थोडं कठीण बोलते, राग मानू नका. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ असंही सांगतं की आधार देणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध ज्या व्यवहारात आहे, त्या व्यवहारात त्याने बाजूला राहावं. हे काकांना लागू आहे तसं तुम्हालाही आहे. वडिलांच्या मागे आई, भाऊ आणि तुम्ही, तिघंही वारस. तुमचा हेतू निर्मळ आहे हे मला पत्रातून दिसतं, तरी जमिनीच्या बोलण्यात त्याच्या बाजूने तुम्ही बसू नका. ज्याला त्या चार एकरांतून काहीच मिळणार नाही असा माणूस शोधा, एखादे जुने मास्तर, त्याचा मित्र, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील. तिथली मदत महिलांना आणि दिव्यांग व्यक्तींना मिळकत न बघता मोफत मिळते. तोवर तलाठ्याकडे वारस नोंदीत तिघांची नावं लागली का, सातबारा काढून बघा, आणि दुय्यम निबंधकाकडे कोणीही काहीही घाईने नोंदवू नका.

'लग्न लावा, सुधारेल' असंही कोणी म्हणत असेलच. त्याला विचारल्याशिवाय नाही, आणि मुलीला सगळं सांगितल्याशिवाय तर मुळीच नाही. लपवून लावलेली लग्नं मी कोर्टाच्या व्हरांड्यात संपताना पाहिली आहेत.

केंद्राबद्दल. काही ठिकाणी चांगलं काम होतं. पण नोंदणीशिवाय मानसिक आरोग्य आस्थापना चालवताच येत नाही, तेव्हा आधी नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. मग विचारा: फोन करू देता का, वाजवी वेळी भेटू देता का, स्वतःचे कपडे घालू देता का, केस सक्तीने भादरता का, कामाचा मोबदला देता का. हे सगळे कायद्यातले हक्क आहेत, विनंत्या नाहीत. आणि मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १९ कुटुंबाने वाचावं असं आहे. घरच्यांना नको आहे, एवढ्या कारणासाठी माणूस आस्थापनेत राहू शकत नाही, आणि घरात राहण्याचा हक्क बजावायला सरकारने त्याला मदत करायची आहे. ते घर त्याचंही आहे.

दोन वाजताच्या रात्रीसाठी. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा. खरंच जिवावर बेतलं तर कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे तुमच्या ग्रामीण रुग्णालयातला एमबीबीएस डॉक्टरही, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. पोलीस आले तर त्यांना तुमच्या भावाला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं लागतं. औषधांच्या खर्चासाठी आई अडत असेल तर तिला सांगा, आवश्यक यादीतली मनोविकाराची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळण्याचा हक्क आहे. संपली असं सांगितलं तर 'लेखी द्या' म्हणा. या दोन शब्दांनी पुष्कळदा कपाटं उघडतात.

आणि आता ते काम, ज्यासाठी मी एवढं लिहिलं. कलम ५ खाली कोणताही सज्ञान माणूस, आधी आजार झालेला असला तरी, 'आगाऊ निर्देश' लिहून ठेवू शकतो: पुढे कधी मला निर्णय घेता आला नाही तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका, आणि माझ्या वतीने कोणाला विचारा. त्याचा नमुना ठरलेला आहे. त्यावर त्याची सही, ज्याला नेमतो त्याची सही, दोन साक्षीदार, आणि मंडळाकडे नोंद. केव्हाही बदलता येतो. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही, आणि कोणाला तो अयोग्य वाटला तर मंडळापुढे जावं लागतं. परस्पर बाजूला ठेवता येत नाही. नामनिर्देशित प्रतिनिधी नेमणं तर त्याहून सोपं आहे: साधा कागद, त्याची सही किंवा अंगठा. प्रतिनिधीचं काम म्हणजे त्याची इच्छा, त्याची आजवरची राहणी लक्षात घेऊन त्याला निर्णयात मदत करणं. हा अधिकार उपचारापुरता. जमिनीला हात लावायचा नाही. म्हणून ही जागा तुम्ही खुशाल घेऊ शकता, पण त्याने तुमचं नाव घेतलं तर.

धरणगावकडच्या एका गड्याने लिहिलेला कागद माझ्यासमोरच झाला. तो बोलला, भाच्याने लिहिला. मला बांधू नका, मी गाडीत पुढच्या सीटवर बसेन. सोबत मामा नको, बहीण चालेल. पहिल्या गोळीने तोंडातून लाळ गळते, ती नको, दुसरी चालेल. म्हशीचं दूध काढायला शेजारच्याला सांगून मगच मला न्या. आईला खरं सांगा. पुढच्या वर्षी तो आजारी पडला तेव्हा पुढच्या सीटवर बसून गेला आणि एकोणीस दिवसांत परत आला. म्हशीची सोय झाली आहे हे ऐकल्यावरच तो गाडीत चढला होता.

तुम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी याल तेव्हा बघू असं ठरवू नका, तेवढा वेळ नको. या आठवड्यात सुरत-भुसावळ गाडीने अमळनेरला उतरा आणि घरी जा. घरातल्या बैठकीत बोलू नका. तो रात्री मळ्यात फिरतो ना, त्याच्यासोबत फिरा. पहिल्या रात्री गोळीचा विषय काढू नका. त्याला झोप का येत नाही ते विचारा, जीपची गोष्ट निघाली तर ऐकून घ्या, आणि त्या दिवशी तुम्ही तिथे असाल तर त्याची माफी मागा. वरणातल्या गोळीचं आईने स्वतः सांगितलं तर बरं. त्याला आधीच माहीत असण्याची शक्यता आहे. मग डॉक्टरांचा विषय, कुठल्या डॉक्टरांकडे जायचं हे त्याने निवडायचं. आत गेल्यावर डॉक्टर तुमच्याकडे बघून विचारतील, "काय त्रास आहे यांना?" तेव्हा तुम्ही गप्प बसा आणि भावाकडे बघा.